भूतपुरीचं पान

माझ्या टेबलावर एक दगड आहे. तळहातावर मावेल एवढा, जुन्या पोथीच्या कागदासारखा पिवळट. पाण्यात टाकला तर कडा भुसभुशीत होतात, आणि कोरडा असताना जिभेला लावला तर चिकटतो. आपण दगड म्हणतो खरा, पण तो वाळलेला गाळ आहे, बारा-तेरा कोटी वर्षांपूर्वीचा.

तो मिळाला श्रीपेरुंबुदूरच्या पुढे, बंगळूर रस्त्यावरून आत वळल्यावर, एका विहिरीच्या काठी. विहीर जुनी, ती खोल करायचं काम चाललेलं. वर काढलेल्या मालाचा ढीग बांधावर टाकलेला होता आणि त्यात या पिवळट लाद्या. मी वाकून बघतोय हे पाहून काम करणाऱ्यांतले एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. त्यांनी एक लादी उभी धरली, हातोडीची धार थरांच्या रेषेवर टेकवली आणि नारळ पारखताना ठोकतात तशी हलकेच ठोकली. लादी पोळीचे पदर सुटावेत तशी उघडली.

“इलै, सार,” ते म्हणाले. तमिळमध्ये इलै म्हणजे पान.

आत खरंच पान होतं. बोटभर लांबीचा तुकडा, रंग गेरूचा. मधे दांडा आणि दोन्ही बाजूंना फणीच्या दातांसारख्या बारीक, चिकटून बसलेल्या पर्णिका. भिंग लावलं की प्रत्येक पर्णिकेत एकमेकींना समांतर धावणाऱ्या शिरा दिसतात, केसापेक्षा बारीक. पण खरी गंमत दोन्ही लाद्या शेजारी ठेवल्यावर कळते. एका लादीत मधला दांडा स्वच्छ दिसतो. दुसरीत तो जवळजवळ दिसतच नाही, दोन्हीकडच्या पर्णिका मधोमध येऊन भिडलेल्या असतात. कारण या पानाच्या पर्णिका दांड्याच्या कडेला फुटत नाहीत, त्या वरच्या अंगाला बसवलेल्या असतात, घरावर कौलं बसवावीत तशा. वरून पाहिलं तर दांडा झाकलेला, खालून पाहिलं तर उघडा. गाळाने दोन्ही अंगांचे ठसे घेतले आणि हातोडीने ते वेगळे केले.

दांडा दिसणारी लादी त्या गृहस्थांनी नातवासाठी ठेवून घेतली. झाकलेली मला दिली. ती ही.

पर्णिकांच्या या बैठकीवरूनच या पानाची ओळख पटते. त्याचं नाव टिलोफायलम. ग्रीक भाषेत टिलॉन म्हणजे पीस आणि फायलॉन म्हणजे पान. नाव चपखल आहे, पण ते श्रीपेरुंबुदूरच्या पानावरून पडलेलं नाही. ते कच्छचं आहे, आणि तिथून लंडनमार्गे इथे आलं.

1830च्या दशकात बॉम्बे इंजिनियर्सचा एक कॅप्टन, सी. डब्ल्यू. ग्रँट, कच्छचा भूगर्भीय नकाशा करत होता. त्याने जमवलेले वनस्पतींचे ठसे लंडनला जॉन मॉरिसच्या हाती पडले. मॉरिस हा पूर्वी केन्सिंग्टनला औषधांचं दुकान चालवणारा माणूस. दगडांच्या नादाने भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला. ग्रँटचा वृत्तांत 1840मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला, आणि त्याला जोडून मॉरिसने या पानांची नावं आणि वर्णनं दिली: टिलोफायलम अक्युटिफोलियम, म्हणजे टोकदार पर्णिकांचं, आणि टिलोफायलम कच्छेन्स, म्हणजे कच्छचं. पान कच्छमधलं, ते उचलणारा मुंबईच्या पलटणीतला आणि नाव देणारा लंडनमधला. पुढची सगळी वंशावळ अशीच आहे, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी.

1863मध्ये मॉरिसनेच टॉमस ओल्डहॅमबरोबर बंगालच्या बाजूच्या राजमहाल टेकड्यांतल्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. ओल्डहॅम हा भारतीय भूगर्भीय सर्वेक्षणाचा प्रमुख. त्या टेकड्यांत लाव्हाच्या दोन थरांमधे गाळाचे पातळ थर सापडतात, आणि त्यांतही हेच पीस निघालं. कच्छ एका टोकाला, राजमहाल दुसऱ्या. तिसरा बिंदू दक्षिणेत मिळायचा होता.

तो शोधणारा माणूस त्याच वर्षी मद्रासच्या जवळपास पायी हिंडत होता. रॉबर्ट ब्रूस फूट. 1858मध्ये तो सर्वेक्षणात दाखल झाला. आज त्याचं नाव घेतलं जातं ते एका दगडासाठी: 30 मे 1863 रोजी पल्लावरमच्या छावणीजवळ जांभ्याच्या खड्ड्यात त्याला माणसाने घडवलेली हातकुऱ्हाड मिळाली आणि भारताच्या पुराश्मयुगाची पहिली खूण लागली. पुढच्याच सप्टेंबरात विल्यम किंगबरोबर अत्तिरंपाक्कमला त्याला अशा हत्यारांचा साठाच सापडला. यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि ते योग्यच आहे. पण फूटचं पगारी काम हत्यारं गोळा करणं नव्हतं. त्याला पालार नदीच्या उत्तरेकडच्या मुलखाचा नकाशा करायचा होता, कुठे कोणता खडक आहे याचा. तो वृत्तांत 1873मध्ये सर्वेक्षणाच्या मेमॉयर्सच्या दहाव्या खंडात आला.

हे काम किती चिकाटीचं होतं हे तो मुलूख पाहिल्याशिवाय समजत नाही. आपल्या सह्याद्रीत कडा तुटलेला असतो, घाटातून जाताना थर मोजता येतात. श्रीपेरुंबुदूरचा मुलूख पाटासारखा सपाट. भातखाचरं, ताडाची झाडं आणि एकामागून एक तळी. खडक दिसतो तो विहिरीत, ओढ्याच्या काठाला, तळ्याच्या कोरड्या पोटात. म्हणजे फूटला शेतकऱ्यांनी खणलेल्या भोकांतून खाली डोकावत जायचं होतं. तळाशी काळसर, कठीण चार्नोकाइट. पल्लावरमच्या टेकड्या याच दगडाच्या, आणि पुढे टॉमस हॉलंडने त्याला कलकत्त्याच्या जॉब चार्नोकच्या थडग्यावरून नाव दिलं, कारण तो थडग्याचा दगड याच जातीचा. त्यावर आमची पिवळट शेल, म्हणजे थराथराने घट्ट झालेला गाळ, आणि वाळूचा दगड. आणि सगळ्यांच्या वर जांभा, ज्यात माणसाची हत्यारं. जांभा म्हटलं की मराठी वाचकाला कोकणातली चिऱ्यांची घरं आठवतील. इथला जांभा तेवढा जाड नाही, गोट्यांनी भरलेला आहे. पण तीन थरांत तीन काळ, आणि तिन्ही काळ एकाच माणसाच्या एकाच वहीत.

त्या शेलच्या थरांना नाव हवं होतं, आणि नाव गावावरून द्यायची पद्धत. इंग्रजी कानांना जे ऐकू आलं ते लिहिलं गेलं: स्रिपरमातूर. पुढची कित्येक दशकं जगभरच्या वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत गाव याच नावाने वावरलं. आज भूगर्भशास्त्रज्ञ श्रीपेरुंबुदूर फॉर्मेशन म्हणतात. वैष्णवांना हे गाव ठाऊक आहे ते रामानुजांचं जन्मस्थान म्हणून; जन्मसाल परंपरेने 1017 मानतात, आदिकेशव पेरुमाळच्या देवळात त्यांची मूर्ती आहे. आमच्या पिढीला ते 21 मे 1991च्या रात्रीमुळे ठाऊक झालं, राजीव गांधींच्या हत्येने. आणि स्थळपुराणात त्याचं आणखी जुनं नाव आहे, भूतपुरी. शंकराच्या भूतगणांनी इथे विष्णूची आराधना केली, म्हणून भूतपुरी. आपल्या भाषेत भूत म्हणजे होऊन गेलेलंही. मला हे नाव शेलच्या थरांना फार शोभतं असं वाटतं.

फूटने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जमवलेली पानं कलकत्त्याला गेली. तिथे 1875पासून ओट्टोकार फाइस्टमांटेल हा बोहेमियाचा तरुण कामाला होता, शिक्षणाने डॉक्टर, वडिलांपासून पानांच्या ठशांचं वेड घेतलेला. आठ वर्षांत त्याने भारतातल्या जीवाश्म वनस्पतींचे ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. 1879चा त्याचा भाग मद्रास किनाऱ्यावरच्या थरांचा, त्यात श्रीपेरुंबुदूरची पानं आली. टिलोफायलम होतंच, शिवाय नेचे, कॉनिफरच्या फांद्या. त्याने ही सगळी पानं राजमहालच्या पानांशेजारी ठेवली आणि म्हटलं, ही भावंडं आहेत.

इथवर तो अचूक होता. चूक झाली वयात. त्याने ही झाडं जुरासिक काळातली मानली, कारण युरोपातली अशी पानं त्या काळातली होती. पण श्रीपेरुंबुदूरच्या आणि आंध्र किनाऱ्यावरच्या या थरांत पानांबरोबर समुद्रातले प्राणीही आहेत. गाळ साचत असताना समुद्र आत-बाहेर करत होता. आणि प्राणी वेगळीच साक्ष देत होते. 1930च्या दशकात लंडनच्या स्पॅथने पूर्व किनाऱ्यावरच्या अमोनाइट शंखांचा अभ्यास करून सांगितलं की हे थर क्रेटेशियसच्या सुरुवातीच्या भागातले आहेत. पुढे श्रीपेरुंबुदूरच्या शेलमधल्या फोरामिनिफेरांनी, म्हणजे वाळूच्या कणाएवढ्या सागरी जिवांच्या कवचांनी, तेच सांगितलं. आणि राजमहालच्या लाव्हाचं वय किरणोत्सारी पद्धतीने मोजलं गेलं तेव्हा ते साडेअकरा-बारा कोटी वर्षांच्या आसपास निघालं. म्हणजे भावंडं खरीच, पण फाइस्टमांटेलने मानलं त्यापेक्षा कितीतरी तरुण.

या चुकीबद्दल मला त्याचा राग येत नाही. अमोनाइट भराभर बदलतात, म्हणून त्यांच्यावरून काळ सांगता येतो. टिलोफायलमसारखं पान जुरासिकमध्येही तसंच, क्रेटेशियसमध्येही तसंच. ज्याला बदलायची गरज पडली नाही त्याच्यावरून घड्याळ लावता येत नाही. 1883मध्ये फाइस्टमांटेल युरोपात परतला आणि 1891मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, गेला.

मग प्रश्न उरला झाडाचा. पान होतं, त्याला नाव होतं, पण ते ज्याला फुटलं ते झाड कसं होतं? बहुतेकांनी सायकसचं समजलं, आणि दिसायला ते तसंच आहे. बागेतल्या सायकसचं पान पाहिलेल्या कुणालाही हा ठसा ओळखीचा वाटेल.

उत्तर मिळालं ते बिरबल सहानींकडून. केंब्रिजला ए. सी. सेवर्ड त्यांचे गुरू. दोघांनी मिळून 1920मध्ये फाइस्टमांटेलचा सगळा जुना संग्रह पुन्हा तपासला, नावं दुरुस्त केली. पण माझ्या मते सहानींचं खरं मोठं काम 1932चं आहे. राजमहाल टेकड्यांतल्या अमरापाराचा एक दगड त्यांच्याकडे आला, नुसता ठसा नसलेला, पूर्ण दगड झालेला. त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघता येत होत्या. त्यात एक फुलासारखा अवयव होता, भोवती सहपत्रांचं वेटोळं, मधे बियांचा शंकू. सहानींनी त्याला गुरूंचं नाव दिलं: विल्यमसोनिया सेवार्डियाना. आणि पुरावे जोडत जाऊन त्यांनी दाखवलं की बकलँडिया इंडिका नावाने ओळखलं जाणारं खोड, टिलोफायलम नावाचं पान आणि विल्यमसोनिया नावाचं फूल ही तीन वेगळी झाडं नाहीत. एकाच झाडाच्या तीन अवयवांना तीन वेगळ्या माणसांनी तीन नावं दिली होती.

त्यांनी त्या झाडाचं चित्र दिलं. माणसाच्या उंचीचं, झडलेल्या पानांच्या देठांचं चिलखत घातलेलं खोड, माथ्यावर पिसांसारख्या पानांचा मुकुट, बाजूच्या आखूड फांद्यांवर फुलं. महाराष्ट्रात ज्यांनी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं त्यांनी हे चित्र जर्नलमध्ये पेन्सिलीने काढलेलं असतं, देठांच्या खुणा एकेक करून भरत, पानांशी येईपर्यंत कंटाळून. मीही काढलंय. ते पान भारतातच अनेक ठिकाणी सापडतं आणि त्यातलं एक चेन्नईहून बसने तासा-दीड तासावर आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आणि ते झाड सायकस नाही. 1913मध्ये थॉमस आणि बँक्रॉफ्ट यांनी अशा पानांची कातडी सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, पुढे स्वीडनच्या फ्लोरिनने तो धागा पक्का केला. पान श्वास घेतं ते पर्णरंध्रांतून. सायकसमध्ये रंध्राच्या दोन रक्षक पेशी एका मातृपेशीतून येतात आणि शेजारच्या पेशी दुसरीकडून. या झाडांत त्या चारही एकाच मातृपेशीच्या पोटच्या. बाहेरून जुळी दिसणारी दोन कुळं, आत जन्माची रीतच वेगळी. या दुसऱ्या कुळाला बेनेटायटेलीज म्हणतात.

श्रीपेरुंबुदूरच्या पानांची अडचण इथे आहे. त्यांना कातडी उरलेली नाही. शेलमधल्या लोखंडाला गंज चढत गेला, पानातला कार्बन गेला, आणि राहिला गेरूच्या रंगाचा ठसा. आकार आहे, शिरा आहेत, श्वासाची भोकं नाहीत. बोस आणि कासट यांनी 1972मध्ये भारतातल्या सगळ्या टिलोफायलमचा आढावा घेतला तेव्हा कातडीवरून प्रजाती ठरवायची शिस्त त्यांनी घालून दिली. नुसत्या आकारावरून नवं नाव देणं किती निसरडं आहे हे त्यानंतर सगळ्यांना कळलं. माझ्या लादीवरच्या पानाचं नाव मी म्हणूनच फक्त टिलोफायलम एवढंच सांगतो. पूर्ण नाव सांगायला जे लागतं ते या दगडात नाही.

मराठी माणसांचा या कामातला वाटा मोठा आहे आणि आपल्याला तो पुरेसा माहीत नाही. पुण्याला त्र्यंबक शंकर महाबळे. नागपूरला श्यामला चितळे. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानच्या दगडी झाडांवर त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला, मग अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात गेल्या, आणि 1996मध्ये कॅथलीन पिगबरोबर क्लीव्हलँडोडेंड्रॉन या डेव्होनियन काळातल्या झाडाला नाव दिलं. नागपूरचेच धनंजय मोहबे. 1980च्या दशकात गुजरातच्या धोली डुंगरीत त्यांनी डायनोसोरची अंडी असलेला एक ठोकळा काढला. 2001मध्ये जेफ्री विल्सन तो ठोकळा पाहत होते तेव्हा त्यांना अंड्यांजवळच्या हाडांत सापाचे मणके दिसले. 2010मध्ये ‘सनाजेह इंडिकस’ जाहीर झाला, डायनोसोरच्या घरट्यात शिरलेला साप. ठोकळा तोच होता. वीसहून अधिक वर्षं तो जगात होता, प्रजाती नव्हती.

वासुकीचंही तसंच. कच्छच्या पानंध्रोच्या खाणीतून 2005मध्ये निघालेले 27 मणके बराच काळ मगरीसारख्या एखाद्या प्राण्याचे समजले गेले. 2024मध्ये देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी त्यांना ‘वासुकी इंडिकस’ म्हटलं, 11 ते 15 मीटर लांबीचा, 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा साप. बातम्यांत ‘सापडला’ असं छापून येतं. मला त्या शब्दाची चीड येते, कारण त्यात एकोणीस वर्षांचं बघणं पुसलं जातं.

आपल्या पानाचीही अशी एक बातमी आहे, मात्र कुठल्या मथळ्यात आली नाही. क्रेटेशियस संपता संपता बेनेटायटेलीज जगातून गेली असं पुस्तकांत लिहिलेलं असायचं. 2011मध्ये मॅक्लॉक्लिन, कारपेंटर आणि पॉट यांनी पूर्व ऑस्ट्रेलियातले काही ठसे पुन्हा तपासले. एकोणिसाव्या शतकात एटिंग्सहाउझेनने नाव देऊन ठेवलेलं एक पान त्यांनी नव्या नावाखाली आणलं: टिलोफायलम म्युलेरी. वय ऑलिगोसीन, म्हणजे डायनोसोर संपल्यावर आणखी तीनेक कोटी वर्षांनी. हे कदाचित त्या सगळ्या कुळाचं शेवटचं पान असेल. आमची शेल साचत होती तेव्हा भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकापासून नुकता फाटत होता, आणि ऑस्ट्रेलिया त्याच खंडाच्या दुसऱ्या अंगाला चिकटलेला. एकाच अंगणातलं झाड. अंगण फाटलं, इथलं झाड गेलं, तिकडचं थंड, ओल्या कोपऱ्यात टिकून राहिलं.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यांत जवळची वाटते. श्रीपेरुंबुदूरच्या उत्तरेला अल्लिकुळीच्या टेकड्या आहेत. शेल साचत होती त्याच काळात तिथल्या नद्यांनी क्वार्टझाइटचे गोटे आणून टाकले आणि त्यांचा गोटेदार खडक झाला. कोट्यवधी वर्षांनी तो झिजला, गोटे सुटले, घरंगळत कोसस्थलैयार नदीच्या बाजूला आले. अत्तिरंपाक्कमच्या माणसाने त्यांतलेच गोटे उचलून हातकुऱ्हाडी घडवल्या. शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन करून 2011मध्ये सर्वांत जुन्या हत्यारांचं वय सुमारे 15 लाख वर्षं असल्याचं दाखवलं. फूटच्या हाती लागलेली कुऱ्हाड आणि त्याने गोळा केलेलं पान, दोन्ही शेवटी एकाच काळातल्या नद्यांनी आणून ठेवलेली.

आता त्या सपाट मुलखात भातखाचरांच्या जागी कारखाने आहेत. इरुंगाट्टुकोट्टै, ओरगडम, पिळ्ळैपाक्कम. मोटारी, काच, फोन. मराठी बोलणारी तरुण मुलंही तिथे भेटतात, पुण्याच्या चाकणमधून बदली होऊन आलेली. पायाचे खड्डे विहिरीपेक्षा मोठे असतात, त्यांतून निघणारी शेल ट्रकभर जाते आणि भरावात पडते. फूटला जेवढा खडक आयुष्यात दिसला नसेल तेवढा आज एका महिन्यात उघडा पडतो आणि त्याच महिन्यात सिमेंटखाली जातो. एखाद्या कॉलेजची चार मुलं हातोडी आणि वर्तमानपत्राचे कागद घेऊन त्या खड्ड्यांशी दोन दिवस बसली तर काय काय हाती लागेल, या विचाराने मला झोप येत नाही. कातडी टिकून राहिलेलं एखादं पान, गंज न पोचलेल्या खोल थरातलं, नेमकं तिथेच असू शकतं.

पावसाळ्यानंतर मी पुन्हा त्या विहिरीवर गेलो. विहीर काठापर्यंत भरली होती. ढीग उचलून वाटेवर पसरला होता, ट्रॅक्टरच्या चाकांखाली निम्मा पुन्हा चिखल झालेला. ते गृहस्थ भेटले नाहीत. त्यांच्याकडची लादी, दांडा दिसणारी, नातवाच्या दप्तरात असेल किंवा अंगणात.

चिखलातून एक धड लादी वेचली, उभी धरली आणि ठोकली. कोरी निघाली. मग दुसरी घेतली.